पासाडेना: हवापालटासाठीं वसलेलें नगर

मनुष्यें आपला प्रदेश सोडून परक्या प्रदेशांत कां जातात, ह्या प्रश्नाचीं इतिहासग्रंथांत ठराविक उत्तरें मिळतात: दुष्काळ, परचक्र, धर्मच्छळ, सोनें, मोकळी जमीन, आणि अलीकडच्या काळांत गिरणीचें वेतन. हीं सारीं कारणें खरीं आहेत. परंतु आकाश निरभ्र आहे, हिंवाळा सौम्य आहे, आणि बाराहि महिने घराबाहेर बसतां-उठतां येतें, एवढ्याच कारणासाठीं खाऊन-पिऊन सुखी असलेल्या कुटुंबांनीं आपला गांव सोडावा, दोन हजार मैलांवर जाऊन नवें नगर वसवावें, आणि त्याच नगरांत पुढें जगन्मान्य असें विद्यापीठ उभें राहावें, हा प्रकार इतिहासांत विरळा. हवामानानें मनुष्याचा स्वभाव कसा घडतो, ह्याची चर्चा मोंतेस्क्यूनें केली, बकलनें केली, आणि त्यांचीं मतें आपल्या कॉलेजांतून पिढ्यान् पिढ्या शिकविलीं गेलीं. मनुष्यें हवामान पाहून घर बदलूं लागलीं म्हणजे त्या हवामानाचें काय होतें, हा उलटा प्रश्न मात्र त्या थोर पंडितांस पडला नाहीं. दक्षिण कॅलिफोर्नियांतील पासाडेना नगराच्या दीडशें वर्षांच्या चरित्रांत त्याचें उत्तर सांपडतें, म्हणून तें चरित्र येथें थोडें विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या वाचकांस आरंभींच एक अडचण वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे हवापालट म्हणजे घाट चढून वर जाणें. महाबळेश्वरीं माल्कम पेठ वसली ती उन्हाळा चुकविण्यासाठीं. पेन्शन घेतलेला गृहस्थ मुंबईचा घाम सोडून पुण्यास घर बांधीत असे, तोहि थंडाव्याच्या ओढीनें. आपली भाषाच ह्या अनुभवावर घडलेली आहे. वडीलधाऱ्यांच्या कृपेला आपण सावली म्हणतों. राजाचें छत्र आपल्याला छाया देतें. आणि कष्टाचें वर्णन करावयाचें झालें तर ‘उन्हातान्हांत’ हा शब्द आपोआप तोंडीं येतो. ज्या देशांत वर्षांतील चार-पांच महिने जमीन बर्फाखालीं असते, दुपारीं चार वाजतां दिवे लागतात आणि मुलांना घरांत कोंडून ठेवावें लागतें, तेथील मनुष्याच्या मनांत ऊन ह्या शब्दाला जें मोल आहे तें आपल्याला कल्पनेनेंच जाणलें पाहिजे. तें एकदां जाणलें म्हणजे पुढील हकीकत विक्षिप्तपणाची न वाटतां स्वाभाविक वाटूं लागेल.

सन १८७२-७३ चा हिंवाळा अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत फार कडक गेला. इंडियाना राज्याची राजधानी इंडियानापोलिस येथें डॉ. थॉमस एलियट ह्यांच्याभोंवतीं कांहीं मंडळी जमली, आणि कॅलिफोर्नियांत वसाहत करण्याचा बेत ठरला. चार्ल्स नॉर्डहॉफ ह्या वृत्तपत्रकाराचें कॅलिफोर्नियाविषयींचें पुस्तक नुकतेंच, १८७२ त, प्रसिद्ध झालें होतें. त्या पुस्तकाच्या नांवांतच आरोग्य, करमणूक आणि वास्तव्य हे तीन शब्द होते. सोनें हा शब्द नव्हता. १८४९ सालीं ज्या भूमीकडे लोक कुदळ-फावडें घेऊन धांवले, त्याच भूमीकडे पंचवीस वर्षांच्या आंत लोक खोकला आणि संधिवात घेऊन जाऊं लागले, एवढा फरक त्या तीन शब्दांत सामावलेला आहे. एलियटचा मेहुणा डॅनियल बेरी ह्यास जमीन पाहण्यासाठीं पुढें पाठविण्यांत आलें. त्यानें लॉस आंजेलिस ह्या त्या वेळच्या लहानशा गांवाच्या ईशान्येस, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशीं, सॅन पास्क्वाल नांवाच्या जुन्या मेक्सिकन वतनांतील जागा पसंत केली. इतक्यांत १८७३ च्या शरदांत अमेरिकेंत पेढ्या बुडाल्या, आणि बेत करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं माघार घेतली. राहिलेल्यांनीं ‘सॅन गॅब्रिएल ऑरेंज ग्रोव्ह असोसिएशन’ नांवाची मंडळी काढून सुमारें चार हजार एकर जमीन घेतली, आणि १८७४ च्या जानेवारींत ती आपसांत वांटून घेतली. ह्या मंडळींत कसलेले शेतकरी थोडेच होते. संत्र्यांची बाग लावावी, पाणी पाजावें, आणि उरलेला वेळ उघड्या हवेंत सुखानें घालवावा, असा त्यांचा भोळा हिशेब होता. संत्र्याचें झाड फळावर यावयास किती वर्षें लागतात, हें त्यांना तेथें गेल्यावर कळलें.

वसाहतीचें नांव ठेवण्याची कथा मोठी बोधक आहे. ‘इंडियाना कॉलनी’ हें नांव मंडळींना रुक्ष वाटूं लागलें, तेव्हां एलियटनें चिपेवा नामक आदिवासी जमातींत काम करणाऱ्या एका परिचिताला पत्र लिहून ‘दरीचा मुकुट’ वगैरे अर्थाचे शब्द मागविले. आलेल्या सर्व शब्दांचा शेवट ‘पासाडेना’ असा होत होता. तेवढाच सुटा करून १८७५ त गांवाला दिला. आतां चिपेवा लोकांचा मुलूख उत्तरेकडील मोठ्या सरोवरांच्या आसपास, म्हणजे तेथून जवळ जवळ दोन हजार मैल दूर. ज्या भूमीवर हें नांव बसविलें, तेथें टोंग्वा लोकांची पुरातन वस्ती होती. आरोयो सेको नांवाच्या ओढ्याच्या कांठीं हाहामोंग्ना नांवाचें त्यांचें गांव होतें. १७७१ सालीं सॅन गॅब्रिएल येथें स्पॅनिश पाद्र्यांनीं मठ स्थापिल्यावर ह्या लोकांना तेथें राबविण्यांत आलें, आणि साथींनीं व सक्तीनें त्यांची संख्या घटत गेली. शेजारीं उरलेल्यांची भाषा कोणी विचारली नाहीं. दूरच्यांची भाषा गोड वाटली. नवीं गांवें वसविणाऱ्यांची ही खोड सार्वत्रिक आहे, एवढें म्हणून पुढें जातों.

वसाहतीची पहिलीं दहा वर्षें कष्टाचीं आणि साधीं गेलीं. गांवाचें रूप पालटलें तें आगगाडीनें. सांता फे कंपनीचा रूळमार्ग १८८५ त दक्षिण कॅलिफोर्नियांत पोंचला, आणि आधींच्या सदर्न पॅसिफिक कंपनीशीं तिची भाड्यांची चढाओढ लागली. ती इतकी विकोपाला गेली कीं १८८७ च्या मार्चांत थोड्या वेळापुरतें कॅन्सस शहरापासून लॉस आंजेलिसपर्यंतचें भाडें एका डॉलरवर आलें. मग काय विचारतां! सट्टेवाले आले, नकाशे छापले गेले, ज्या ठिकाणीं ससे फिरत होते त्या ठिकाणीं चौक आणि नाटकगृहें कागदावर उभीं राहिलीं. बोस्टनच्या वॉल्टर रेमंडनें टेकडीवर मोठें हॉटेल बांधून १८८६ त उघडलें. पूर्वेकडील धनिक हिंवाळा आला कीं तेथें उतरत आणि उन्हाळ्याच्या आधीं परत जात. सट्टा १८८८ त कोसळला, पुष्कळांचें दिवाळें निघालें. पण हवा होती तेथेंच राहिली, आणि जे केवळ हवेसाठीं आले होते तेहि राहिले. कागदी नगरांत आणि खऱ्या नगरांत फरक कशानें पडतो, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

ह्या येणाऱ्यांत रोग्यांचा भरणा मोठा होता. क्षयावर त्या काळीं औषध नव्हतें. रॉबर्ट कॉखनें १८८२ त त्याचा जंतु दाखवून दिला, तरी उपाय म्हणून वैद्य सांगत तो एकच: कोरडी हवा, ऊन, विश्रांति आणि उघड्यावर निजणें. ह्या शेवटच्या उपायानें घरबांधणीची एक नवी तऱ्हाच निर्माण केली. शयनगृहाला लागून तीन बाजूंनीं उघडी अशी पडवी काढावयाची, आणि खाट तेथें टाकावयाची. चार्ल्स आणि हेन्री ग्रीन हे दोघे वास्तुशिल्पी बंधु १८९३ त पासाडेनास आले, तेहि तेथें राहावयास गेलेल्या आईबापांस भेटण्यासाठीं, आणि तेथेंच राहिले. त्यांनीं सिनसिनाटीच्या साबणवाल्या गॅम्बल कुटुंबासाठीं १९०८ सालीं बांधावयास घेतलेलें लांकडी घर आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केलेलें आहे. त्याला अशा निजण्याच्या पडव्या आहेत, रुंद वळचणी आहेत, आणि बाहेर व आंत ह्यांमधील भिंत जणूं नाइलाजानें ठेविली आहे असें वाटतें. ह्या धर्तीच्या लहान घरांस तिकडे जें नांव पडलें तें आपल्या ओळखीचें आहे. बंगाल्यांतील उतरत्या छपराच्या झोंपडीवरून इंग्रजांनीं उचललेला ‘बंगला’ हा शब्द सातासमुद्रांपलीकडे जाऊन ‘बंगलो’ ह्या रूपानें कॅलिफोर्नियांत गरीब-मध्यम कुटुंबाच्या घराचें नांव झाला. आपल्याकडे बंगला म्हटला कीं साहेब आणि कलेक्टर डोळ्यांपुढें येतात. तिकडे बंगलो म्हणजे कारकुनालाहि परवडणारें, पुढें अंगण असलेलें घर. शब्दांच्या नशिबींहि हवापालट असतो!

प्रकृतीच्या कारणानें आलेल्यांत चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हा प्राणिशास्त्रज्ञ होता. तो १८८५ त आला. घोडेस्वारी, शिकार आणि समुद्रांतील मासेमारी ह्यांचा नादी. त्याच्या आणि ‘व्हॅली हंट क्लब’ नांवाच्या मंडळाच्या कल्पनेनें १ जानेवारी १८९० रोजीं फुलांनीं सजविलेल्या गाड्यांची पहिली मिरवणूक निघाली. पूर्वेकडील शहरें बर्फांत पुरलीं गेलीं असतां आपल्या बागांत गुलाब फुललेले आहेत, हें जगाला दाखवावें, असा त्यांत उघड हेतु होता. उत्सव म्हणावा तर तो उत्सव होता, आणि जाहिरात म्हणावी तर त्याहून सरस जाहिरात कोणी केली नसेल. पुढें त्या उत्सवाला खेळांची जोड मिळाली. १९०२ त फुटबॉलचा सामना ठेवला, त्यांत मिशिगनच्या संघानें स्टॅनफर्डचा ४९ विरुद्ध ० असा फडशा पाडला. लोक इतके कंटाळले कीं नंतर कांहीं वर्षें रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती लाविल्या! १९१६ पासून मात्र फुटबॉल कायम झाला, आणि १९२२ त आरोयोच्या खोलगटांत त्यासाठीं ‘रोज बोल’ हें प्रचंड क्रीडांगण बांधण्यांत आलें.

आतां विद्यापीठाकडे वळतों. तें कोणी आधीं योजून काढलें नव्हतें. एमस थ्रूप हा शिकागोचा लांकडाचा व्यापारी. गुलामगिरीचा कट्टा विरोधक. म्हातारपणीं कॅलिफोर्नियास येऊन १८८६ त पासाडेनास स्थायिक झाला. वय पंचाहत्तर. अशा वयांत मनुष्य संत्र्यांच्या सावलींत बसेल अशी अपेक्षा. पण बसून राहणें ह्या गृहस्थाला जमलें नाहीं. त्यानें १८९१ त एक विद्यालय काढलें, भाड्याच्या जागेंत, आणि त्यास धिटाईनें ‘थ्रूप युनिव्हर्सिटी’ असें नांव दिलें. त्यांत सुतारकाम, शिवण, चित्रकला, भाषा असें सर्व कांहीं होतें. मुलगे होते आणि मुलीहि होत्या. होल्डर तेथें प्राणिशास्त्र शिकवीत असे. १८९४ त थ्रूप वारला तेव्हां ती एक साधी, उपयुक्त औद्योगिक शाळा होती, ह्यापलीकडे तिच्याविषयीं कांहीं म्हणतां आलें नसतें. ज्या युनिव्हर्सलिस्ट पंथाचा तो आधारस्तंभ होता, त्याच्या पासाडेनांतील मंदिरांत १९०० च्या जानेवारींत स्वामी विवेकानंदांचें व्याख्यान झालें. स्वामीजी त्या वेळीं स्वतः प्रकृतीनें खंगलेले होते. दक्षिण पासाडेनांत मीड भगिनींच्या घरीं ते कांहीं आठवडे राहिले, आणि शेक्सपिअर क्लबांतील श्रोत्यांना त्यांनीं रामायणाची व महाभारताची कथा सांगितली. हवा खावयास आलेल्या त्या श्रोतृवृंदाला वनवासाची कथा कशी वाटली असेल, असें कुतूहल माझ्या मनांत नेहमीं येतें.

शाळेचें विद्यापीठ झालें तें जॉर्ज एलरी हेल ह्या ज्योतिर्विदामुळें. बाकीचे सर्व लोक सूर्यासाठीं आले म्हणतात तें लाक्षणिक अर्थानें. हेल अक्षरशः सूर्यासाठीं आला. शिकागोजवळील यर्किस वेधशाळा त्यानेंच उभारली होती, पण तेथलें आकाश त्याला पुरेसें नव्हतें. मुलीच्या नाजूक प्रकृतीचेंहि निमित्त होतें. १९०३ च्या अखेरीस तो पासाडेनास आला, आणि १९०४ त नगराच्या डोक्यावरील माउंट विल्सन ह्या सुमारें ५,७०० फूट उंचीच्या शिखरावर कार्नेगी संस्थेच्या पैशानें त्यानें सौर वेधशाळा स्थापिली. सामान वर नेण्यास आरंभीं अरुंद पायवाट होती. खेचरांच्या पाठीवरून यंत्रांचे भाग चढविण्यांत आले. साठ इंची दुर्बीण १९०८ त आणि शंभर इंची १९१७ त सुरू झाली. ह्या खेचरांच्या तांड्यांत मिल्टन ह्युमासन नांवाचा एक पोरगा होता. त्याला शाळा आवडत नव्हती, डोंगर आवडत होता. खेचरें हांकतां हांकतां तो वेधशाळेचा झाडलोट करणारा नोकर झाला, मग रात्रींचा मदतनीस झाला, आणि शेवटीं एडविन हबलच्या जोडीनें दूरच्या तारकासमूहांची गति मोजणारा ख्यातनाम ज्योतिर्विद झाला. उघड्या हवेंतील जीवनानें मनुष्य सुधारतो, असें पासाडेनाच्या जाहिराती सांगत असत. ह्या एका बाबतींत तरी त्यांचें म्हणणें खोटें म्हणतां येणार नाहीं.

माउंट विल्सनच्या आकाशांत विशेष काय होतें, तें नीट समजून घेणें अवश्य आहे, कारण पुढील कथेचें मर्म त्यांत आहे. सामान्यतः खालची हवा उष्ण व वरची थंड असते; उष्ण हवा वर चढते, घुसळण होते, आणि तारे लुकलुकतात. लॉस आंजेलिसच्या खोऱ्यांत बहुधा उलटी मांडणी असते. पॅसिफिक महासागरावरून आलेली थंड हवा तळाशीं पसरते, आणि तिच्यावर वरून खालीं दबलेली उष्ण हवा झांकणासारखी बसते. घुसळण थांबते. ह्या झांकणाच्या वर डोकें काढून उभ्या असलेल्या शिखरावरून पाहिलें म्हणजे तारा निवांत दिव्याच्या ज्योतीसारखा स्थिर दिसतो. तीच रचना खालीं नगरांत सौम्य, वारा नसलेले, स्वच्छ दिवस देत होती. हेलची दुर्बीण आणि रोग्याची खाट, दोन्ही एकाच झांकणाच्या उपकारावर चाललीं होतीं.

हेलनें १९०७ पासून थ्रूप संस्थेच्या कारभारांत लक्ष घातलें. फांटे छाटून टाकून तिला शास्त्राचें उच्च विद्यालय करावें असा त्यानें आग्रह धरला. १९१० त नव्या जागेंत ती भरली तेव्हां तिच्यांत अवघे एकतीस विद्यार्थी होते, आणि मुलींना दार बंद झालें होतें. तें पदवीपूर्व वर्गांपुरतें उघडावयास १९७० साल उजाडावें लागलें. १९२० त संस्थेनें ‘कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ हें नांव घेतलें. बोस्टनहून रसायनज्ञ आर्थर नॉइस आला, शिकागोहून १९२१ त पदार्थविज्ञानी रॉबर्ट मिलिकन आला, कोलंबियाहून १९२८ त आनुवंशिकतेचा संशोधक टॉमस हंट मॉर्गन आला. मोठ्या विद्वानांना जुन्या विद्यापीठांतून उठवून नव्या ठिकाणीं नेणें किती कठीण, हें ज्यांनीं कॉलेजें चालविलीं आहेत त्यांना सांगावयास नको. वेतन लागतें, प्रयोगशाळा लागते, सहकारी लागतात. पण हें सर्व इतरत्रहि देतां येतें. जानेवारींत बाहेर अंगणांत बसून विद्यार्थ्याशीं बोलतां येणें शिकागोला देतां येत नाहीं. आइन्स्टाइन १९३१ पासून ओळीनें तीन हिंवाळे तेथें पाहुणा म्हणून आला, आणि जर्मनींत हिटलर सत्तेवर आला तेव्हां तो पासाडेनांतच होता. कायमचा मात्र तो प्रिन्स्टनला गेला. ऊन सर्वांनाच जिंकतें असें नाहीं. खुद्द हेलची गत तर विचित्र झाली. मज्जातंतूंच्या विकारानें त्याला पुढें माणसांची गर्दी सोसेना. १९२३ त त्यानें वेधशाळेचें संचालकपद सोडलें, आणि पासाडेनांतच एक लहानशी खासगी सौर प्रयोगशाळा बांधून तिच्या तळघरांत उतरविलेल्या सूर्यप्रतिमेजवळ तो एकटा काम करीत बसे.

नगर वाढत होतें. १९०० सालीं वस्ती ९,११७ होती. १९१० त ३०,२९१ झाली. १९३० त ७६,०८६. संत्र्यांच्या बागा तोडून घरें झालीं. बागांसाठीं आलेल्यांच्या नातवांनीं बागा विकल्या, ह्यांत त्यांचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. जमिनीचा भाव फळाच्या भावापुढें गेला म्हणजे सर्वत्र हेंच होतें. पण दुसरी एक गोष्ट आहे, ती इतकी सहज सोडून देतां येत नाहीं.

बागेला पाणी कोणी पाजलें, हॉटेलांतील चादरी कोणी धुतल्या, असा प्रश्न विचारल्याबरोबर ह्या उन्हाळ नगराचा दुसरा चेहरा दिसूं लागतो. चिनी मजूर तेथें आरंभापासून होते. ६ नोव्हेंबर १८८५ रोजीं जमावानें गांवाच्या मध्यावरील एका चिनी धोब्याच्या दुकानावर दगडफेक केली, आग लागली, आणि लगोलग चिनी लोकांना गांवाच्या मध्यभागांतून निघून जाण्यास भाग पाडण्यांत आलें. होल्डर आला तें वर्ष हेंच. १९१४ सालीं ब्रुकसाइड उद्यानांत नगरपालिकेनें पोहण्याचा मोठा तलाव बांधला. उघड्या हवेंतील जीवनाचें तें भूषणच होतें. परंतु कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई नागरिकांना त्यांत उतरण्याची मुभा आठवड्यांतून एकच दिवस असे. त्या दिवसाला नांव दिलें होतें ‘आंतरराष्ट्रीय दिवस’! आपल्याकडे पाणवठ्यांवर जें चालत आलें, त्यासाठीं महाडला १९२७ त सत्याग्रह करावा लागला, तें आठवलें म्हणजे परक्यांस हंसण्याचा आपला अधिकार फारसा उरत नाहीं. तरी पण ऊन, पाणी आणि हवा ह्यांच्या नांवानें वसलेल्या गांवानें पाण्याला वार नेमून द्यावे, ह्यांतील विसंगति आपल्या पाणवठ्यांच्या कथेंतहि नाहीं.

ह्याच गांवांत १९२० त मॅली रॉबिन्सन नांवाची एक कृष्णवर्णीय बाई आपलीं पांच मुलें घेऊन जॉर्जियांतून आली. तिलाहि बरी हवाच हवी होती. पण ती निराळ्या अर्थानें. पेपर स्ट्रीटवर तिनें घर घेतलें, तेव्हां शेजाऱ्यांनीं तिला उठविण्याची खटपट केली. ती उठली नाहीं. तिचा मुलगा मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें दोनशें मीटरच्या शर्यतींत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. पासाडेनास परतल्यावर त्याला मिळालें तें रस्ते झाडण्याचें काम. धाकटा जॅकी गांवच्या ज्युनियर कॉलेजांत सर्व खेळांत चमकला, आणि १९४७ त ब्रुकलिनच्या संघांतून खेळून त्यानें बेसबॉलच्या मोठ्या संघांतील वर्णबंदी मोडली. तलावाविरुद्ध १९३९ त खटला गुदरण्यांत आला. निकाल विरुद्ध गेल्यावर नगरपालिकेनें तलाव कांहीं काळ बंदच ठेवला. सर्वांना तो खुला झाला तोहि १९४७ तच. पुढें १९९७ त नगरपालिकेच्या इमारतीसमोर ह्या दोघां भावांच्या मस्तकांचीं प्रचंड ब्राँझशिल्पें बसविण्यांत आलीं. जॅकीचें तोंड पूर्वेकडे, ब्रुकलिनच्या दिशेला आहे, मॅकचें नगरपालिकेकडे.

आतां त्या झांकणाची कथा पुरी करावयाची. १९४३ च्या जुलैंत एके दिवशीं लॉस आंजेलिसवर डोळे चुरचुरविणारें धुरकें पसरलें. युद्धाचे दिवस, कित्येकांना जपानी वायुहल्ल्याची शंका आली. नंतर तें धुरकें वारंवार येऊं लागलें, आणि सर्वांत दाट कोठें सांचे, तर डोंगराच्या पायथ्याशीं, म्हणजे पासाडेनांत. समुद्रावरील वारा शहराची घाण आंत ढकली, डोंगर तिला अडवी, आणि उष्ण हवेचें झांकण तिला वर जाऊं देईना. पण लंडनच्या धुरक्याप्रमाणें ह्यांत कोळशाचा वास नव्हता. तें असतें तरी काय, ह्याचा उलगडा त्याच गांवच्या विद्यापीठांत झाला. आरी हागेन-स्मिट हा डच रसायनज्ञ तेथें अननसाच्या सुगंधाचें पृथक्करण करीत होता. ज्या उपकरणांत तो फळाचा वास गोठवून धरी, त्याच उपकरणांतून त्यानें पासाडेनाची हवा ओढून पाहिली. मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निघणारी न जळलेली बाष्पें आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें ह्यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन तयार होतो, आणि तोच रबराला चिरा पाडतो, पिकांचीं पानें जाळतो, डोळ्यांना पाणी आणतो, असें त्यानें १९५२ पर्यंत सिद्ध केलें. तेलकंपन्यांनीं त्याचें म्हणणें खोडून काढण्याची शिकस्त केली, आणि त्या हरल्या. हागेन-स्मिट १९६८ त राज्याच्या हवासंरक्षण मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला, आणि मोटारींवर निर्बंध आले. पुढील पन्नास वर्षांत ती हवा पुष्कळ निवळली, तरी पूर्ण निर्मळ झाली असें म्हणतां येत नाहीं.

ह्या शोधांतील विलक्षण गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. धूर मनुष्यांनीं केला खरा, पण त्याचें विष केलें तें ज्या उन्हासाठीं आजे-पणजे तेथें आले त्या उन्हानें. आणि तें विष कोंडून ठेवलें तें ज्या झांकणामुळें तारे स्थिर दिसत होते त्या झांकणानें. डोंगरावरहि निभाव लागला नाहीं. खालच्या शहराच्या दिव्यांनीं रात्र उजळून निघाली, म्हणून हेलच्या कल्पनेंतील दोनशें इंची दुर्बीण माउंट विल्सनवर न बसवितां दूर दक्षिणेस पालोमार पर्वतावर नेली. १९४८ त तिचें उद्घाटन झालें तेव्हां हेलला जाऊन दहा वर्षें झालीं होतीं.

२०२५ सालच्या पहिल्या दिवशीं फुलांची मिरवणूक नेहमींप्रमाणें कोरड्या हवेंत निघाली. त्या हिंवाळ्यांत पाऊस जवळ जवळ पडलाच नव्हता. एकेकाळीं हॉटेलवाल्यांनीं ह्या गोष्टीची जाहिरात केली असती. सहा दिवसांनीं, ७ जानेवारीच्या संध्याकाळीं, वाळवंटाकडून सुटलेल्या वाऱ्यांत ईटन दरींत आग लागली. पासाडेनाला लागून उत्तरेस असलेलें आल्टाडेना एका रात्रींत जळालें. नऊ हजारांहून अधिक इमारती गेल्या, एकोणीस माणसें दगावलीं. पासाडेनांत ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांना घरें घेऊं दिलीं जात नव्हतीं, त्यांच्यांतील पुष्कळांनीं मागल्या पिढींत ह्या आल्टाडेनांत घरें घेतलीं होतीं; विद्यापीठांतील अनेक शास्त्रज्ञांचीं घरेंहि तेथेंच होतीं. आग माउंट विल्सनच्या उतारापर्यंत चढली. अग्निशामकांनीं वेधशाळा वांचविली, आणि शंभर इंची दुर्बीण जागच्या जागीं राहिली. राख निवते न निवते तोंच जळलेल्या जागा विकत मागणारे लोक आल्टाडेनांत फिरूं लागले, आणि चौथऱ्यांपुढें रहिवाशांनीं पाट्या रोवल्या: आल्टाडेना विकावयाचें नाहीं.